तासाला सहा मिनिटं

गाय विऊन नव्वद दिवस उलटले होते आणि माजाचं नाव नव्हतं. संकरित जर्सी, दुसरं वेत, दूध चांगलं, पण बरगड्या लांबून मोजता याव्यात अशी अंगकाठी. आत हात घालून तपासलं. गर्भाशय स्वच्छ होतं, अंडाशय दोन्ही बाजूंना होते, फक्त थंड पडलेले. मी तात्यांना वेळापत्रक सांगितलं: आज बुसेरेलिनचं (मेंदूतून सुटणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचं कृत्रिम रूप) इंजेक्शन, सातव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन (अंडाशयातला पीतपिंड विरघळवणारं औषध), नवव्या दिवशी परत बुसेरेलिन, आणि त्यानंतर सोळा ते वीस तासांत गाय भरवायची, म्हणजे कृत्रिम रेतन करायचं. माज दिसो वा न दिसो.

तात्यांनी ऐकून घेतलं, पण हिशेब त्यांना पटला नव्हता.

"डॉक्टर, पहिलंच औषध शेवटी परत द्यायचं, तर मधे आठवडाभर हातावर हात धरून बसायचं कशाला? रोज सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी टोचत गेलो तर लवकर नाही का येणार ती माजावर?"

"रोज दोनदा टोचलंत तर येणार नाही. येणारा असला तरी मिटेल."

"औषध तेच ना?"

"तेच."

जीएसटी समजावणाऱ्याकडे दुकानदार बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुई टोचून मी निघालो, पण प्रश्न बरोबर घेऊनच. या प्रश्नाचं नेमकं उत्तर कुठल्या गोठ्यात मिळालेलं नाही. ते १९७८ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात, मेंदूला मुद्दाम इजा केलेल्या रीसस माकडिणींवर मिळालं. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात ते सगळेच वाचतात. परीक्षेनंतर मात्र ‘जीएनआरएच ठोक्याठोक्याने सुटतं’ एवढं एकच वाक्य डोक्यात उरतं, आणि त्या वाक्यात तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

निरोप आणि त्याची वाट

पिट्युटरी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली असते. सगळ्या ग्रंथींची मालकीण म्हणून तिचा मोठा दरारा आहे. खरं तर ती वरच्या मजल्यावरच्या हायपोथॅलॅमसच्या हुकमाची ताबेदार. तिच्या मागच्या भागात मेंदूतून थेट चेतातंतू उतरतात, त्यामुळे तिथला कारभार समजायला सोपा होता. पुढच्या भागात असे तंतू जवळजवळ नाहीत. मग हुकूम पोचतो कसा?

दोघांच्या मध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं एक जाळं आहे, हे पोपा आणि फील्डिंग यांनी १९३० साली दाखवलं होतं. गंमत म्हणजे त्यांनी रक्ताची दिशा उलटी धरली: खालून वर, ग्रंथीकडून मेंदूकडे. ती सरळ व्हायला आणि सरळ झाल्यावर लोकांना पटायला पुढची वीसेक वर्षं गेली. इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस हा माणूस या एका प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागला होता. १९५२ साली त्याने आणि डोरा याकोबसोन यांनी उंदरिणींची पिट्युटरी काढून टाकली आणि दुसऱ्या पिट्युटरीचा तुकडा मेंदूखाली ठेवला. तो त्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याखाली बसवला तर उंदरीण पुन्हा माजावर येई आणि गाभणही राही. तोच तुकडा थोडा बाजूला, मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली ठेवला तर तो जिवंत राहायचा, पण काम काही करायचा नाही. वरून येणारी वस्तू रक्तातूनच येते, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

ती वस्तू कोणती, हे शोधायला कत्तलखान्यांतून लाखांच्या हिशेबात मेंढ्यांचे आणि डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा झाले. रॉजर गिलमाँ मेंढ्यांच्या मागे, अँड्र्यू शॅली डुकरांच्या. दोघे आधी सहकारी होते, मग एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले. १९६९ साली थायरॉइडच्या साखळीतलं टीआरएच सापडलं, केवळ तीन अमिनो आम्लांचं. १९७१ साली शॅलींच्या प्रयोगशाळेतून जीएनआरएचची रचना जाहीर झाली: दहा अमिनो आम्लांची एक आखूड माळ. त्या लेखावर मात्सुओ, बाबा, नायर, आरिमुरा आणि शॅली अशी नावं आहेत. हे पेप्टाइड पिट्युटरीला एलएच आणि एफएसएच सोडायला लावतं, आणि ती दोन संप्रेरकं पुढे अंडाशय किंवा वृषण चालवतात. १९७७चं नोबेल अर्धं या दोघांना मिळालं आणि उरलेलं अर्धं रोझलिन यॅलो यांना, रक्तातलं संप्रेरक किरणोत्सारी खुणेने मोजण्याच्या पद्धतीसाठी. ती पद्धत नसती तर पुढचं काहीच दिसलं नसतं.

माळ हातात आली, रचना कळली, कारखान्यात बनवताही येऊ लागली. आता संप्रेरक कमी पडत असेल तिथे ते शिरेतून सोडलं की झालं, असा सगळ्यांचा समज होता. तात्यांचाही तोच.

दर तासाचा काटा

पिट्सबर्गला शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख होते अर्न्स्ट नोबिल. जन्म बर्लिनचा, काम अमेरिकेत. त्यांच्या गटाने १९७० साली एक साधी गोष्ट चिकाटीने केली होती. अंडाशय काढलेल्या रीसस माकडिणींचं रक्त दिवसातून एकदा न घेता काही काही मिनिटांनी घेतलं आणि प्रत्येक नमुन्यात एलएच मोजलं. अंडाशय काढल्यामुळे खालून येणारा इस्ट्रोजेनचा लगाम सुटलेला होता, त्यामुळे एलएच भरपूर होतं. पण ते एका पातळीवर स्थिर नव्हतं. झटकन वर जायचं, हळूहळू उतरायचं, परत वर. आलेख करवतीच्या दातांसारखा. एकेका नमुन्याकडे बघितलं तर मोजणीची चूक वाटावी, पण दोन दातांमधलं अंतर ठरलेलं होतं, सुमारे एक तास. डिअर्श्के, भट्टाचार्य, अ‍ॅटकिन्सन आणि नोबिल यांच्या त्या लेखात या लयीसाठी ‘सर्कहोरल’ असा नवा शब्द आला. अर्थ इतकाच, की तासाच्या आसपास.

दिवसाला एकच नमुना घेणाऱ्यांच्या हाताखालून हे वर्षानुवर्षं निसटत होतं. आपण गोठ्यात आजही एक नमुना घेतो आणि प्रयोगशाळेच्या कागदावरचा एक आकडा वाचून एलएच ‘कमी’ की ‘जास्त’ ते ठरवतो. तो आकडा दाताच्या टोकावरचा की खाचेतला, हे कागद सांगत नाही.

ठोका एलएचचा होता. त्याच्यामागे मेंदूतून जीएनआरएचचा ठोका येतो का, हे सरळ बघण्याची सोय तेव्हा नव्हती. जीएनआरएच त्या चिमुकल्या रक्तवाहिन्यांतून ग्रंथीपर्यंत जातं. सगळ्या शरीराच्या रक्तात मिसळलं की पातळ होऊन मोजमापाबाहेर जातं, आणि काही मिनिटांत त्याचे तुकडेही पडतात. म्हणून नोबिल यांच्या गटाने दुसरी वाट धरली: मेंदूचा निरोप तोडायचा, आणि त्या जागी आपला निरोप पाठवायचा.

प्रयोग

हायपोथॅलॅमसच्या तळाशी आर्क्युएट न्यूक्लियस नावाचा पेशींचा पुंजका आहे. अंडाशय काढलेल्या माकडिणींच्या मेंदूत सुई उतरवून, रेडिओलहरींच्या उष्णतेने तेवढा भाग जाळला. एलएच आणि एफएसएच दोन्ही आटली. पिट्युटरी जागेवर धडधाकट होती, तिला सांगणारं फक्त कोणी उरलं नव्हतं.

आता कृत्रिम जीएनआरएच नळीतून शिरेत सोडायचं. आधी ते सलग सोडून पाहिलं, थेंब थेंब, अखंड. पिट्युटरी काही टिकून जागी झाली नाही. मग पद्धत बदलली. दर तासाला सहा मिनिटं पंप चालू, मिनिटाला एक मायक्रोग्रॅम या वेगाने, आणि उरलेली चोपन्न मिनिटं बंद. माकडिणीची स्वतःची लय तासाची होती, तीच पंपाला दिली. एलएच आणि एफएसएच वर चढली आणि टिकून राहिली.

तेवढ्यावर थांबले असते तर ‘ठोके बरे पडतात’ इतकंच सिद्ध झालं असतं. पुढची पायरी मला सगळ्यात हुशारीची वाटते. ठोक्यांवर छान चाललेल्या माकडिणीचा पंप त्यांनी सलग चालू ठेवला. पेप्टाइड तेच, मिनिटाचा वेग तोच, फक्त मधली विश्रांती काढून टाकली. हिशेब करून बघा: ठोक्यांच्या पद्धतीत तासाला सहा मायक्रोग्रॅम जात होते, आता साठ जायला लागले. दसपट औषध. आणि एलएच-एफएसएच दोन्ही घसरत घसरत तळाला गेली. पंप परत तासाला सहा मिनिटांवर आणला, तर काही दिवसांत दोन्ही वर.

बेलशेट्झ, प्लँट, नाकाई, किओ आणि नोबिल यांचा हा लेख १९७८ साली ‘सायन्स’मध्ये आला. तीन पानांचा आहे. सलग पद्धतीत वेगवेगळे दर वापरून पाहिल्यामुळे ‘मात्रा चुकली असेल’ ही पळवाटही त्यांनी बंद केली होती. पिट्युटरी किती औषध मिळालं ते बघत नाही, ते कसं मिळालं ते बघते.

तीन वर्षांनी, १९८१ साली, याच गटातल्या विल्ट आणि सहकाऱ्यांनी पंपाचा वेगच बदलून पाहिला. तासाला एकाऐवजी दोन, तीन, पाच ठोके दिले, तर दोन्ही संप्रेरकं उतरत गेली. उलट तीन तासांना एकच ठोका दिला, तर एलएच उतरलं पण एफएसएच वाढलं. इथे मी पहिल्यांदा वाचताना थबकलो होतो. एकाच पेप्टाइडने, एकाच पेशीतून निघणाऱ्या दोन संप्रेरकांचं प्रमाण बदलायचं, आणि तेही केवळ दोन ठोक्यांमधलं अंतर बदलून. एफएसएचसाठी वेगळं पेप्टाइड असलंच पाहिजे म्हणून लोक शोधत होते. त्या गरजेतली बरीचशी हवा या आलेखाने काढून घेतली. पुढे उंदरांच्या पेशींतही हेच दिसलं. जलद ठोक्यांना एलएचचा जनुक जास्त दाद देतो, संथ ठोक्यांना एफएसएचचा.

प्रयोगशाळेतल्या माकडांबद्दल एक वाक्य. त्यांतली कितीतरी त्या काळात आपल्याकडूनच जात. याच १९७८ साली भारताने रीसस माकडांची निर्यात बंद केली. एका जनावराचं ज्ञान दुसऱ्याच्या मेंदूत सुई घालून मिळालेलं असतं, हे इंजेक्शन भरताना रोज आठवत नाही, आणि आठवलं तरी मला त्याचा सोयीस्कर निवाडा करता येत नाही.

पाळीचं पाणी

सातव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन द्यायला गेलो तेव्हा चहा येईपर्यंत वेळ होता. माकडिणी, पंप, सहा मिनिटं सगळं सांगितलं. तात्या मधेच म्हणाले, "म्हणजे पाळीनं पाणी."

मी गप्प झालो. उसाला पाणी पाळीने देतात. पाट रात्रंदिवस चालू ठेवला तर पाणी जास्त मिळालं म्हणून ऊस जास्त वाढत नाही. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात, जमीन चिबड होते. वर्गात वीस वर्षं आकृत्या काढून इतकं नेमकं सांगायला मला जमलं नव्हतं.

मुळांच्या जागी पेशी धरा. पिट्युटरीतल्या एलएच सोडणाऱ्या पेशींच्या अंगावर जीएनआरएचसाठी ग्राही असतात, म्हणजे कुलपाच्या खाचा. पेप्टाइड बसलं की आत कॅल्शियम उसळतं, साठवलेल्या एलएचच्या पुड्या पेशीच्या काठाला येऊन फुटतात. पेप्टाइड काही मिनिटांत तुटतं, म्हणून ठोका स्वच्छ संपतो. मधल्या वेळात पेशी कॅल्शियम आवरते, नवं एलएच भरते, खाचा पुन्हा मोकळ्या होतात. इतकंच नाही, ठरावीक अंतराने ठोके येत राहिले तर पेशी स्वतःवरच्या खाचा वाढवते.

पेप्टाइड सलग बसून राहिलं तर खाचा आत ओढल्या जातात, त्यांच्यामागची आतली साखळी प्रतिसाद देईनाशी होते, साठाही उरत नाही. या ग्राहीची एक खोड १९९२ साली त्याचा जनुक वाचल्यावर कळली. त्याच्या कुळातल्या बहुतेक ग्राहींना पेशीच्या आत लोंबणारी एक शेपटी असते, आणि त्या शेपटीला खुणा लागल्या की ते क्षणात बंद होतात. सस्तन प्राण्यांच्या जीएनआरएच ग्राहीला ती शेपटीच नाही. म्हणून तो पटकन थकत नाही. थकवा आतल्या पायऱ्यांवर, सावकाश साचत जातो. पिट्सबर्गच्या आलेखात एलएच तासाभरात कोसळत नाही, काही दिवस घेत उतरतं, ते या स्वभावाशी जुळतं.

यातूनच तात्यांच्या धारेच्या वेळच्या योजनेचं उत्तर निघतं, आणि ते जरा जास्तच कडक आहे. आपण टोचतो ते शुद्ध जीएनआरएच नसतं. बुसेरेलिनमध्ये माळेतला सहावा मणी बदललेला आहे: मुळात तिथे ग्लायसिन असतं, ते काढून उलट्या बाजूचं अमिनो आम्ल बसवलंय, आणि माळेचं टोकही छाटलंय. विकरांना ते सहज तोडता येत नाही, शिवाय ग्राहीला ते जास्त घट्ट धरतं. एका ठोक्याला हा गुणच. पण असं औषध सकाळ-संध्याकाळ दिलं तर दोन डोसांमधली विश्रांती विश्रांती राहत नाही. कालवडींवर हे करून पाहिलेलं आहे. दिवसातून दोनदा बुसेरेलिन चालू ठेवलं की एलएचचे ठोके मावळतात आणि अंडाशयातली पुटकं, म्हणजे बीजांडाच्या पिशव्या, मोठी होऊन फुटण्याआधीच अडकतात.

घड्याळ कोण चालवतं

नळीतून ठोके देता आले, पण मेंदूत ते कोण देतं? मेंढ्यांनी इथे मोठी मदत केली. ऑस्ट्रेलियात क्लार्क आणि कमिन्स यांनी १९८२ साली जाग्या, उभ्या मेंढ्यांच्या त्या चिमुकल्या वाहिन्यांतून थेट रक्त घेण्याची युक्ती बसवली. जीएनआरएच तिथे ठोक्याठोक्याने येत होतं आणि एलएचच्या प्रत्येक उसळीबरोबर त्याचा एक ठोका होताच. पिट्सबर्गने जे मानून चाललं होतं ते इथे डोळ्यांना दिसलं.

पुढचं नाव यायला आणखी वीस वर्षं लागली: किसपेप्टिन. त्याचा जनुक १९९६ साली कर्करोगाच्या संशोधनातून, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी सापडला, आणि तिथल्या ‘किसेस’ या चॉकलेटावरून त्याचं बारसं झालं. २००३ साली दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की किसपेप्टिनचा ग्राही बिघडलेली माणसं वयातच येत नाहीत. आर्क्युएट न्यूक्लियसमध्ये, नोबिल यांनी जाळला त्याच पुंजक्यात, किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन अशी तीन पेप्टाइडं एकत्र बाळगणाऱ्या पेशी आहेत. न्यूरोकायनिन-बी त्यांना आपापसांत पेटवतं, डायनॉर्फिन विझवतं, आणि पेटलेल्या क्षणी बाहेर पडणारं किसपेप्टिन जीएनआरएचच्या तंतूंना ढोसतं. जपानमध्ये शेळ्यांच्या मेंदूत याच पेशींजवळ तारा बसवून विजेचे झटके मोजले, तर झटका आणि एलएचची उसळी जोडीने येत होती. २०१७ साली उंदरांत प्रकाशाने या पेशी हव्या तेव्हा पेटवून एलएचचा ठोका हुकमी काढून दाखवला गेला. ठोका देणारा पुंजका आता जवळजवळ सगळे मान्य करतात.

तात्यांच्या गायीच्या बरगड्या इथे येऊन चिकटतात. विल्यानंतर दुधात जाणारी ऊर्जा वैरणीतून भरून निघाली नाही, की गाय स्वतःचं अंग वितळवते, आणि रक्तातली साखर, इन्सुलिन, चरबीचे निरोप हे सगळं या घड्याळापर्यंत पोचतं. घड्याळ मंदावतं. एलएचचे ठोके विरळ झाले की पुटकं वाढतात, ठरावीक आकाराला येऊन विरघळतात, माज दिसत नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी इंजेक्शनाआधी पेंड, खनिज मिश्रण आणि ओल्या-सुक्या चाऱ्याचं प्रमाण बोललो होतो. लोकांना तो भाग इंजेक्शनाच्या जोडीला दिलेला उपदेश वाटतो. माझ्या मते तोच मुख्य इलाज आहे, सुई त्याची सोबत.

न जुळणारा एक धागा

१९८० साली नोबिल यांच्या गटाने आणखी एक धाडस केलं. यावेळी माकडिणींचे अंडाशय ठेवले, पुंजका जाळला, आणि पंप तासाला एक ठोका या एकाच चालीने लावून दिला. महिनाभर काही बदललं नाही, तरी पुटक वाढलं, इस्ट्रोजेन चढलं, एलएचची मोठी लाट आली, बीजांड सुटलं. वयात यायला अवकाश असलेल्या लहान माकडिणींना तोच पंप लावला तर त्यांचीही चक्रं सुरू झाली. पंप काढला, त्या परत लहान झाल्या. निष्कर्ष असा निघाला की मेंदू फक्त ताल धरतो, लाट केव्हा आणायची ते अंडाशय आणि पिट्युटरी आपसांत ठरवतात.

मेंढीने हे मानलं नाही. तिच्या वाहिन्यांतल्या रक्तात बीजांड सुटण्याआधी जीएनआरएचची स्वतंत्र मोठी लाट दिसते, ठोक्यांच्या कितीतरी वर. पुढे माकडांतही तशी वाढ मोजली गेली. माझं मत विचाराल तर पिट्सबर्गच्या प्रयोगाने ‘वरची लाट नसली तरी चालतं’ एवढं सिद्ध केलं. ‘ती नसतेच’ हे नाही. या दोन वाक्यांतली गल्लत पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं रेंगाळली.

गोठ्यात या वादाला अर्थ आहे, कारण नवव्या दिवसाचं इंजेक्शन हे तासाच्या ठोक्याची नक्कल नाहीच. ते त्या लाटेची नक्कल आहे. एकच दणका, त्यावर दोनेक तासांत एलएचची लाट, आणि साधारण सव्वा दिवसाने बीजांड सुटणं. १९९५ साली अमेरिकेत पर्सली, मी आणि विल्टबँक यांनी हे वेळापत्रक मांडलं (यातला ‘मी’ हे आडनाव आहे, गैरसमज नको). सोळा ते वीस तासांनी वीर्याची कांडी भरायची, ती बीजांडाच्या आधी शुक्रजंतू जागेवर पोचावेत म्हणून. म्हणजे एकाच पेप्टाइडच्या तीन तऱ्हा झाल्या: तासातासाचा ठोका ग्रंथी चालवतो, एखादा दणका बीजांड सोडवतो, आणि सलग ओतलं तर सगळं बंद.

बंद होण्याचाही धंदा उभा राहिला. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक तोडायला, अकाली वयात येणाऱ्या मुलांना थांबवायला हीच औषधं महिनोन्‌महिने झिरपत ठेवतात. परदेशात नर कुत्र्यांच्या कातडीखाली डेस्लोरेलिनची तांदळाएवढी कांडी बसवतात. शस्त्रक्रियेशिवाय सहा महिने किंवा वर्षभर नसबंदी. पहिले काही दिवस कुत्रा उलट जास्तच तापतो, कारण थकण्याआधी ग्रंथी उसळते. आणि वळू? वळूला हेच सलग दिलं तर एलएचचे ठोके थांबतात खरे, पण टेस्टोस्टेरॉन उतरायच्या ऐवजी वाढतं. कुत्र्यावर चाललं म्हणून वळूवर चालवायला जाणारा तोंडघशी पडेल. एका प्राण्याचा आलेख दुसऱ्याच्या गळ्यात बांधताना मी तेव्हापासून जपून असतो, माकडिणींचाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी दुसरं बुसेरेलिन दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कांडी भरली. माज जवळजवळ दिसलाच नाही, तात्या साशंक होते, मी पण थोडा.

कांडी भरल्यापासून एकविसाव्या दिवशी सकाळी सहाला फोन. "डॉक्टर, उलटली, परत माजावर आलीय. सोट टाकतेय, लांब, काचेसारखा. शेजारच्या म्हशीवर पण चढत होती." आवाजात तक्रार होती. मला मात्र बरं वाटलं. कांडी वाया गेली होती, पण या वेळी वरून कोणी काही टोचलेलं नव्हतं. सकाळचा माज म्हणून संध्याकाळी भरवली. गाभण तपासणी दोन महिन्यांनी आहे. तोवर पेंडीत काटकसर करू नका म्हणून सांगून आलो, आणि तात्यांनी पेंडीचा भाव ऐकवला.